अंगच्या मापाची होडी

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीन विद्यापीठाच्या संग्रहात चामड्याची एक अरुंद होडी आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही दशकांत केव्हातरी ती डॉन नदीच्या मुखाजवळ सापडली, आणि तिच्यात एक माणूस होता. १७६० साली त्या शहरात आलेल्या एका इंग्लिश पाद्र्याने रोजनिशीत ही हकीकत टिपून ठेवली आहे. माणूस अंगभर केसाळ होता, त्याची भाषा कोणालाच कळत नव्हती आणि तीन दिवसांत तो मेला. केस बहुधा त्याच्या फरच्या कपड्यांचे असावेत. होडी ग्रीनलंडची होती, म्हणजे माणूसही तिकडचाच.

अशा गोष्टी त्याआधीही कानावर येत होत्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस ऑर्कनी बेटांवरचे कोळी सांगत, की एकटा माणूस कातड्याच्या होडीत बसून मासे मारताना दिसतो आणि जवळ जावे तर वाऱ्यासारखा निघून जातो. लोक त्यांना ‘फिनमेन’ म्हणत. जेम्स वॉलेस या पाद्र्याच्या १६९३ साली छापलेल्या ऑर्कनीच्या वर्णनातही त्यांचा उल्लेख आहे.

ही माणसे तिथे आली कशी? ग्रीनलंडपासून वल्हवत आली, हे उत्तर ऐकायला रोमांचक आहे, पण होडीचे कातडेच त्याला आडवे येते. सीलचे कातडे दोन-तीन दिवस सलग पाण्यात राहिले की भिजून जड आणि लिबलिबीत होते. ते किनाऱ्यावर काढून वाळवावे लागते, त्याला पुन्हा चरबी चोळावी लागते. शेकडो मैलांच्या उघड्या समुद्रात हे करणार कुठे? म्हणून बरेच अभ्यासक दुसऱ्या शक्यतेकडे झुकतात. देवमाशांच्या शिकारीला जाणारी युरोपीय जहाजे त्या काळात ग्रीनलंडची माणसे, त्यांच्या होड्यांसकट, नवलाई म्हणून पळवून आणत. त्यातली काही उत्तर समुद्रात सुटली किंवा सोडून दिली गेली असावीत. एका ऐतिहासिक कोड्याचा निकाल कागदपत्रांनी नाही, तर माल किती वेळ पाणी सोसतो या हिशेबाने लागतो, तो असा.

अशा कातडी होडीचा, म्हणजे समुद्री कयाकचा, सगळाच इतिहास याच हिशेबाने वाचावा लागतो. कोणत्या किनाऱ्यावर काय मिळते, ते किती टिकते, फाटले तर कोण दुरुस्त करते, हे प्रश्न पहिले. आकार त्यानंतर येतो.

ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर होडीला पुरेल असे झाड उगवत नाही. लाकूड येते ते समुद्रातून. सायबेरियातल्या नद्या पुराच्या वेळी जंगलातले ओंडके वाहून नेतात, ते ध्रुवीय बर्फात अडकतात आणि बर्फाबरोबर सरकत काही वर्षांनी ग्रीनलंडला लागतात. अलास्काच्या किनाऱ्याला तिथल्याच युकॉनसारख्या नद्या लाकूड पुरवतात. म्हणजे या किनाऱ्यांवरच्या इन्यूट कारागिराला मिळणारा ओंडका खाऱ्या पाण्यात मुरलेला, किती लांबीचा आणि कोणत्या जातीचा मिळेल याचा भरवसा नसलेला असे. अशा परिस्थितीत अखंड लाकडाची होडी कोरण्याचा विचारही कोणी करणार नाही. लाकूड फक्त सांगाड्यापुरते वापरायचे आणि बाकी सगळे कातड्यावर सोपवायचे, एवढाच मार्ग उरतो.

सांगाड्याची रचना मोठी चतुर आहे. आपल्याकडच्या होडीत जोर कण्यावर असतो. कयाकमध्ये तो वरच्या दोन लांब काठपट्ट्यांवर असतो. चांगले लाकूड आधी त्यांच्यासाठी राखून ठेवतात. त्यांच्या खालच्या कडेला भोके पाडून वाफवून वाकवलेल्या बरगड्या बसवतात. बरगडी मोडू नये म्हणून ती दातांनी चावत चावत, तंतू दाबून वाकवण्याची रीतही होती. सांधे लाकडी खुंट्यांनी आणि कातड्याच्या वाद्यांनी बांधलेले. खिळा जवळपास नाहीच. त्यामुळे लाट आली की सगळा सांगाडा किंचित पिळतो आणि पुन्हा जागेवर येतो. कडक होडी जिथे तडकली असती तिथे ही नुसती करकरते.

माप अंगाचे घ्यायचे. लांबी मालकाच्या उंचीच्या सुमारे तिप्पट, रुंदी त्याच्या नितंबांइतकी अधिक दोन मुठी. मांडीवरच्या वाकड्या आडपट्टीची उंचीही त्याच्या पायांवरूनच ठरे. गावागणिक हिशेब थोडा बदले, पण शिंप्याने गिऱ्हाईक समोर उभे करून सदरा बेतावा तशीच ही होडी बेतली जाई. बापाची कयाक मुलाला झाली, असे सहसा घडत नसे. पाच-सव्वापाच मीटर लांब, अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद आणि वजनाला साधारण पंधरा किलो, म्हणजे एका माणसाने डोक्यावर घेऊन बर्फावरून चालावे इतकी. त्यावर सीलच्या कातड्याचा अंगरखा घालून त्याचा घेर बसण्याच्या जागेच्या कड्यावर आवळला की माणूस आणि होडी यांच्यामध्ये पाणी शिरायला फट राहत नाही. उलटलेली कयाक वल्ह्याच्या झोकाने पुन्हा सरळ करण्याचे कसब याच घट्ट बसण्यावर उभे आहे. सैल होडीत माणूस खाली लोंबकळतो आणि होडी तशीच पालथी राहते.

सांगाडा पुरुष बांधत. होडी पाण्यावर राहणार की बुडणार हे मात्र बायका ठरवत, आणि प्रवासवर्णनांनी या भागाला नेहमी दोन ओळींत उरकले आहे. केस काढून कमावलेली कातडी ओली असतानाच सांगाड्यावर ताणून शिवावी लागत. कातडी वाळायच्या आत काम संपवायचे, म्हणून चार-पाच जणी एकत्र बसत. शिवण दुहेरी असे. पहिल्या ओळीवर दुसऱ्या कातड्याची कड दुमडून घ्यायची आणि सुई कातड्याच्या अर्ध्याच जाडीतून फिरवायची, आरपार जाऊ द्यायची नाही. आरपार भोक नाही, तर पाण्याला वाटही नाही. दोरा प्राण्याच्या स्नायूंच्या तंतूंचा, तो पाण्यात फुगून टाक्याची उरलीसुरली जागाही भरून काढतो. एक टाका चुकला तर परिणाम नवऱ्याला किंवा भावाला किनाऱ्यापासून चार मैलांवर, बर्फाळ पाण्यात भोगावा लागे. कातडी दर वर्ष-दोन वर्षांनी बदलावी लागत, आणि वापरात नसताना होडी उंच मांडवावर चढवून ठेवावी लागे. खाली ठेवली तर गावातली स्लेज ओढणारी कुत्री ती खाऊन टाकत.

आकार मात्र एकच नव्हता. ग्रीनलंडची कयाक निमुळती, टोके वर उचललेली, मागचा भाग पाण्याला जवळजवळ टेकलेला. तिच्यातून सीलवर हार्पून फेकायचा असे, आणि वारा जितका कमी लागेल तितके बरे. बेरिंग समुद्राच्या काठच्या युपिक लोकांची कयाक रुंद, खोल, पाठीवर उंच कणा असलेली, माल आणि प्रसंगी माणूसही पोटात घेणारी. कॅनडाच्या आतल्या भागातल्या इन्यूटांची कयाक तर नद्या आणि तळ्यांत पोहणाऱ्या कॅरिबूंच्या मागे धावण्यासाठी, म्हणून अगदी हलकी आणि सडपातळ. अल्यूशियन बेटांवरच्या उनंगन लोकांची होडी, जिला रशियनांनी ‘बैदारका’ हे नाव दिले, ती सगळ्यांत विचित्र दिसते. तिचे पुढचे टोक दुभंगलेले असते. खालचा जबडा पाणी कापतो आणि वरचा फुगीर भाग लाटेत नाक खुपसू देत नाही. जुन्या बैदारकांच्या सांध्यांत हाडाच्या छोट्या चकत्या बसवलेल्या असत. सांगाडा हलताना लाकडावर लाकूड घासू नये म्हणून त्या असाव्यात.

रशियन व्यापाऱ्यांनी समुद्री ऑटरच्या फरपायी अठराव्या शतकात याच लोकांना वेठीला धरले. शेकडो बैदारकांचे तांडे शिकारीला धाडले जात. दोन वल्हेकऱ्यांच्या मध्ये रशियन अधिकारी किंवा पाद्री नुसता बसून जावा म्हणून तीन भोकांची बैदारका याच काळात रूढ झाली. होडीच्या रचनेत सत्ता कशी शिरते याचे हे मधले भोक म्हणजे सरळ उदाहरण आहे. ग्रीनलंडमध्ये पुढे बंदूक आली तेव्हाही होडीची रचना बदलली. नेम धरताना होडी स्थिर आणि सरळ राहावी म्हणून मागे लहानसे पाते लावू लागले आणि पुढे पांढऱ्या कापडाचा पडदा, ज्याच्याआड शिकारी सीलला बर्फाच्या तुकड्यासारखा दिसे.

युरोपीय माणसाने कयाक नीट शिकायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. १८८८ साली फ्रिड्टजोफ नान्सेन स्कीवरून ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर आला, परतीचे जहाज चुकले आणि गोटहोब, म्हणजे आजचे नूक, येथे हिवाळा काढताना तो कयाक शिकला. पुढे १८९५ मध्ये ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघताना त्याने आणि यालमार योहानसेनने दोन कयाक बरोबर घेतल्या. त्यांचा सांगाडा बांबूचा आणि वरचे आवरण शिडाच्या कापडाचे. उष्ण देशातला बांबू ध्रुवाच्या वाटेवर गेला तो असा. १८९६ च्या जूनमध्ये फ्रान्झ योसेफ लँडजवळ एकत्र बांधलेल्या या कयाक दोरी सुटून सगळ्या सामानासकट वाहून जाऊ लागल्या, तेव्हा नान्सेनने बर्फाच्या पाण्यात उडी टाकून पोहत त्या गाठल्या. त्यानंतर लगेचच एका वॉलरसने सुळ्याने त्याची कयाक फोडली. कापड शिवून ठिगळ लावायला त्यांना थांबावे लागले. 

त्यानंतरचे वळण एका शिंप्याने दिले, हा योगायोग मजेदार आहे. १९०५ साली म्युनिकमध्ये शिकणाऱ्या आल्फ्रेड हॉयरिख या तरुणाने घडी घालून पिशवीत मावणारी कयाक बनवली. लाकडी काठ्यांचा सांगाडा, वर कापड. तिचे हक्क रोझेनहाइमच्या योहान क्लेपर याने १९०७ मध्ये घेतले, आणि क्लेपरचा धंदा शिलाईचा. रबर चढवलेले कापड, एकात एक बसणाऱ्या पट्ट्या, दोन पिशव्या. जर्मनीत रेल्वे गावोगाव पोचली होती आणि शहरी माणसाला रविवार मोकळा मिळू लागला होता. पिशवी खांद्यावर टाकून गाडीने नदीच्या वरच्या गावी जायचे, होडी जोडायची, प्रवाहाबरोबर खाली यायचे आणि पुन्हा गाडी पकडायची. कयाक आता शिकाऱ्याची राहिली नाही, ती सुट्टीची झाली. आणि तिचे माप एका माणसाचे न राहता कारखान्याच्या यादीतले झाले.

घडीच्या होड्या लेच्यापेच्या असतील असे वाटते, पण त्यांचा पराक्रम थक्क करणारा आहे. १९२८ मध्ये फ्रान्झ रोमर क्लेपर होडीतून कॅनरी बेटांपासून अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमधल्या सेंट थॉमसला पोचला. ५८ दिवस तो जवळजवळ बसूनच होता. तिथून पुढे निघाला आणि वादळात नाहीसा झाला. १९५६ मध्ये हान्नेस लिंडेमान हा डॉक्टर तशाच घडीच्या होडीत ७२ दिवसांत तोच समुद्र पार करून जिवंत राहिला.

ऑस्कर स्पेकची गोष्ट आणखी लांबची, आणि तिचा एक तुकडा आपल्या किनाऱ्याचा आहे. १९३२ साली जर्मनीत काम मिळेना, म्हणून हा हॅम्बुर्गचा वीजतंत्री उल्म गावी डॅन्यूब नदीत घडीची होडी टाकून निघाला. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत नोकरी शोधायची एवढाच बेत होता. सायप्रस आल्यावर तो थांबलाच नाही. युफ्रेटिस, इराणचे आखात, कराची, मग भारताचा पश्चिम किनारा धरून, म्हणजे कोकणपट्टीसमोरूनच, सिलोन. पुढे कलकत्ता, ब्रह्मदेश, मलाया, इंडोनेशियाची बेटे. शीड लावलेली ही होडी नदीसाठी घडवलेली होती. वाटेत होड्या झिजल्या तेव्हा कारखान्याने त्याला नव्या पाठवल्या, कारण त्यांची जाहिरात फुकट होत होती. सप्टेंबर १९३९ मध्ये तो टोरेस सामुद्रधुनीतल्या सैबाई बेटावर, ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. युद्ध नुकतेच पेटले होते. पोलिसांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून नजरकैदेत घातले आणि तो सुटला तो युद्ध संपल्यावर.

युद्धात कापड आणि लाकूड यांचा मेळ वेगळ्याच कामाला आला. पाणबुडीच्या अरुंद दारातून बाहेर काढता येईल अशी होडी ब्रिटिश मरीनना हवी होती. तिचा तळ आणि वरचा भाग प्लायवूडचा, बाजू कापडाच्या, दाबली की सपाट. ७ डिसेंबर १९४२ च्या रात्री ‘टुना’ पाणबुडीतून अशा सहा होड्या जिरोंद नदीच्या मुखाशी उतरवायच्या होत्या. एकीची कापडी बाजू दारातच फाटली आणि तिचे दोघे मागे राहिले. उरलेल्या दहा जणांपैकी मेजर हॅसलर आणि बिल स्पार्क्स एवढेच बोर्दोच्या बंदरातली जहाजे स्फोटाने निकामी करून जिवंत परतले. फाटलेल्या कापडाने दोन माणसांचे आयुष्य वाढवले, असेही म्हणता येईल.

मग आले काचतंतूचे प्लास्टिक, ज्याला आपण सरळ फायबर म्हणतो. त्याने खरी उलथापालथ केली, पण तिची सुरुवात पुन्हा सीलच्या कातड्यापासूनच आहे. १९५९ च्या उन्हाळ्यात केन टेलर हा ग्लासगोचा विद्यार्थी ग्रीनलंडच्या वायव्येला इल्लोरसुइट या लहानशा गावी जाऊन राहिला. तिथल्या एमान्युएले कोर्नेलियुसेन याने त्याच्या मापाची कयाक बांधून दिली. ती स्कॉटलंडला आली. डंकन विनिंगने तिच्या रेषा मोजून कागदावर उतरवल्या. जेफ ब्लॅकफोर्डने त्या नकाशावरून, आपल्या अंगाला बसेल इतपत लांबी-रुंदी वाढवून, प्लायवूडची होडी केली. तिच्यावरून फायबरचा साचा निघाला, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘आनास अक्यूटा’ या नावाने ती विकायला आली. एका ग्लासगोकराच्या नितंबांचे माप, थोडेफार ताणून, आता शेकडो अनोळखी लोकांच्या बसण्याची जागा झाले. ज्यांना ती सैल पडे ते फोमचे तुकडे चिकटवत.

ज्या गावाने हा आकार दिला त्या इल्लोरसुइटमध्ये आज कोणी राहत नाही. १७ जून २०१७ रोजी जवळच्या फ्योर्डमध्ये डोंगर कोसळून त्सुनामी आली, नुगात्सियाक या शेजारच्या वस्तीत चार माणसे गेली, आणि पुन्हा दरड कोसळण्याच्या भीतीने दोन्ही गावे रिकामी करण्यात आली.

फायबरने एक गोष्ट अशी दिली जी कातड्याला कधीच जमली नसती. कातड्याच्या कयाकचे पोट एकसंध असते. पाणी शिरले की सगळीकडे शिरते. कडक कवचात मात्र आडव्या भिंती चिकटवता येतात. फ्रँक गुडमनने १९७५ च्या नॉर्वे मोहिमेसाठी ‘नॉर्डकॅप’ ही कयाक आखली. पुढेमागे हवाबंद कप्पे आणि त्यांना रबरी झाकणे ही रचना तिच्यामुळे सगळीकडे पोचली. तंबू, धान्य, स्टोव्ह कोरडे राहू लागले, आणि उलटलेली होडी बुडेनाशी झाली. १९७७ मध्ये याच नॉर्डकॅपमधून ब्रिटिश चमूने केप हॉर्नला वळसा घातला; न्यूझीलंडच्या पॉल कॅफिनने १९८१-८२ मध्ये तशाच होडीतून अख्ख्या ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा केली. त्याला ३६० दिवस लागले. बाजूने वारा आला की होडी वाऱ्याकडे तोंड फिरवते, ते रोखायला खाली-वर होणारे पाते बरे की पायाने चालवायचे सुकाणू, यावर ब्रिटिश आणि अमेरिकन वल्हेकऱ्यांनी मग वर्षानुवर्षे हुज्जत घातली. त्यात फार न शिरलेले बरे.

पुढची मालिका ओळखीची आहे. केव्हलार आले, कार्बन आले, वजन उतरत गेले. आजची महागडी कार्बनची समुद्री कयाक वजनाला कुठे येऊन थांबते, तर इन्यूट बायकांनी शिवलेल्या कातड्याच्या होडीच्या जरा वरच. दुसऱ्या टोकाला पॉलिथिलीन. भुकटी साच्यात घालून साचा भट्टीत फिरवायचा, की होडी तयार. ती जड असते, उन्हात वर्षानुवर्षे पडली तर ठिसूळ होते, गाडीच्या टपावर दोरी फार आवळली तर तिला पोचे पडतात. पण खडकावर आपटली तर फुटत नाही आणि स्वस्त पडते, म्हणून जगात सर्वांत जास्त दिसते तीच.

गोव्याच्या किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकाला भाड्याने मिळणारी ‘कयाक’ बहुतेक याच प्लास्टिकची, आणि तिला पोटच नसते. माणूस आत शिरत नाही, वर बसतो. हा प्रकार १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मालिबूच्या किनाऱ्यावर टिम नीमियरने रुजवला. पडलात तर पुन्हा चढून बसा, उलटी सरळ करायचे कसब शिकायची गरजच नाही. उबदार पाण्यासाठी ही सोय रास्त आहे. थंड समुद्रासाठी जे माप हाडामांसाशी घट्ट बसवले होते, ते इथे पार सुटले आहे: शंभर किलोचा बाप आणि त्याची दहा वर्षांची मुलगी एकाच होडीवर बसून येतात.

ग्रीनलंडमध्ये मोटारबोटींनी कयाक विसाव्या शतकात जवळजवळ संपवली होती. १९८० च्या दशकात काही तरुणांनी संघटना काढून ती पुन्हा बांधायला सुरुवात केली, आणि दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या. १९९८ मध्ये मालिगियाक हा १६ वर्षांचा मुलगा तिथे विजेता ठरला. होडी पालथी करून सरळ करण्याचे तीसहून अधिक प्रकार तिथे मोजले जातात. एकात वल्ह्याऐवजी हातात वजनदार वीट असते, एकात दोन्ही हात छातीशी बांधून घ्यायचे असतात. या प्रकारांसाठी कयाक इतकी बुटकी बांधतात की तिचा मागचा भाग पाण्याच्या पातळीला येतो. असल्या होडीवर मारलेला सील लादून आणता येणार नाही. मापे मात्र पुन्हा अंगावरूनच घेतात, आणि आता ती मुलींचीही घेतात. त्यांच्या पणज्या फक्त शिवत होत्या. त्या स्वतः स्पर्धेत उतरतात. आवरण बहुतेक वेळा कॅनव्हासचे किंवा नायलॉनचे असते, वर रंगाचा किंवा पॉलियुरेथेनचा थर. त्याला चरबी चोळावी लागत नाही, दोन दिवसांनी वाळवावे लागत नाही, आणि कुत्री त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.